काम झाले की नाही? रिमोट प्रोसिजर कॉलचा इतिहास आणि त्याच्या एररचा अर्थ



विंडोजच्या एरर क्रमांकांच्या यादीत १७२६ आणि १७२७ हे क्रमांक शेजारी शेजारी आहेत. पहिला सांगतो, 'रिमोट प्रोसिजर कॉल अयशस्वी झाला.' दुसरा सांगतो, 'रिमोट प्रोसिजर कॉल अयशस्वी झाला आणि त्याची अंमलबजावणी झाली नाही.' पहिल्यांदा वाचणाऱ्याला दुसऱ्या वाक्याचा शेवट पाल्हाळ वाटतो. कॉल अयशस्वी झाला म्हणजे काम झालेच नसणार, मग ते वेगळे कशाला सांगायचे?

पण काम झालेले असू शकते. तुमचा प्रोग्राम दूरच्या संगणकाला काम सांगतो, तो संगणक ते पूर्ण करतो, आणि 'झाले' हा निरोप परत येताना वाटेत हरवतो. तुमच्या लेखी कॉल फसला, प्रत्यक्षात काम होऊन गेले. ते काम नुसती माहिती वाचण्याचे असेल तर बिघडत नाही, पुन्हा विचारावे. ते खात्यातून पाचशे रुपये वळते करण्याचे असेल, तर पुन्हा सांगण्याआधी थांबावे लागते.

वितरित प्रणालींच्या अभ्यासक्रमात रिमोट प्रोसिजर कॉल, म्हणजेच आरपीसी, बहुधा एक आकृती आणि दोन-तीन व्याख्यांत उरकला जातो. या टिपणात आपण त्याचा इतिहास पाहू. आरपीसीचे नेहमीचे एरर इतिहासातल्या कोणत्या ना कोणत्या निर्णयातून आलेले आहेत. तो निर्णय समजला की एरर पाठ करावा लागत नाही. वाचताना एक प्रश्न मात्र सतत सोबत ठेवा: काम झाले की नाही, हे कॉल करणाऱ्याला कसे कळणार?

१. एका यंत्रातला कॉल

सी किंवा जावामध्ये तुम्ही एखादे फंक्शन बोलावता तेव्हा काय घडते ते आठवा. आर्ग्युमेंट स्टॅकवर किंवा रजिस्टरमध्ये जातात, परतीचा पत्ता नोंदवला जातो, नियंत्रण फंक्शनकडे जाते, काम संपले की उत्तर घेऊन परत येते. बोलावणारा आणि बोलावलेला एकाच मेमरीत राहतात. पॉइंटर दिला तर दोघांना तीच जागा दिसते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोघे एकत्र जगतात आणि एकत्र मरतात. वीज गेली तर दोघेही जातात. फंक्शन मेले आणि बोलावणारा वाट पाहत बसला, असे एका प्रोसेसच्या आत घडत नाही.

आरपीसीची कल्पना अशी की हीच सोय नेटवर्कवर द्यायची. प्रोग्रामरने साधे फंक्शन बोलावल्यासारखे लिहावे, आणि ते फंक्शन मात्र दुसऱ्या संगणकावर चालावे. ही कल्पना फार आकर्षक आहे. आता वरच्या परिच्छेदातली गृहीतके एकेक करून पाहा. मेमरी आता एक नाही, वेळ आता नगण्य नाही, आणि दोघांचे मरण आता वेगवेगळे आहे. पुढचा सगळा इतिहास या तीन गोष्टींशी झालेल्या झटापटीचा आहे.

२. आर्पानेट: कल्पना आणि आक्षेप एकाच वेळी

१९७० च्या दशकात आर्पानेटवर प्रत्येक कामासाठी वेगळा प्रोटोकॉल होता. फाइल पाठवायची तर एक, दूरच्या संगणकावर लॉगिन करायचे तर दुसरा. प्रत्येकाच्या आज्ञा वेगळ्या, उत्तरांचे क्रमांक वेगळे. नवी सेवा काढायची म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये जेम्स व्हाइट आणि जॉन पोस्टेल यांनी १९७४ च्या अखेरीस आरएफसी ६७४ मध्ये प्रोसिजर कॉलवर आधारलेला प्रोटोकॉल मांडला. व्हाइट यांनी पुढे आरएफसी ७०७ मध्ये ही भूमिका विस्ताराने लिहिली. त्यांचे म्हणणे असे की आज्ञा आणि उत्तर यांचा एकच सामाईक प्रोटोकॉल ठेवा. मग दूरची सेवा म्हणजे प्रोग्रामरसाठी बोलावण्याजोग्या प्रोसिजरचा एक संच होईल, आणि नेटवर्कचे तपशील त्याच्यापासून दूर राहतील.

पण आक्षेपही लगेच आला. एप्रिल १९७५ मध्ये बीबीएन या कंपनीतील रिचर्ड शान्ट्झ यांनी आरएफसी ६८४ लिहून प्रोसिजर कॉल हा नेटवर्क प्रोटोकॉलचा पाया म्हणून योग्य आहे का, हाच प्रश्न उभा केला. प्रोसिजर कॉल हे एका यंत्राच्या जगातले साधन आहे. नेटवर्कवर विलंब असतो, बिघाड असतो, आणि दोन्ही बाजू स्वतंत्र असतात. व्हाइट यांनाही याची जाण होती. स्थानिक कॉल स्वस्त असतो आणि दूरचा नसतो, त्यामुळे हा नमुना प्रोग्रामरची दिशाभूल करू शकतो, असे त्यांनी स्वतःच आरएफसी ७०७ मध्ये नोंदवले आहे.

हा मुद्दा परीक्षेतही लक्षात ठेवा. आरपीसीच्या मर्यादा नंतर कुणाला तरी उमगल्या, असे झालेले नाही. त्या पहिल्या दिवसापासून कागदावर होत्या.

३. झेरॉक्स पार्क: आज पुस्तकात दिसणारी आकृती

तुमच्या पुस्तकातली पाच चौकोनांची आकृती, म्हणजे क्लायंट, क्लायंट स्टब, दोन्हीकडचा रनटाइम, सर्व्हर स्टब आणि सर्व्हर, ही झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातून आली. ब्रूस नेल्सन यांनी १९८१ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाला याच विषयावर पीएचडीचा प्रबंध सादर केला. त्यानंतर अँड्र्यू बिरेल आणि नेल्सन यांनी प्रत्यक्ष बांधलेल्या प्रणालीवरचा त्यांचा निबंध फेब्रुवारी १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. या कामासाठी दोघांना १९९४ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

या निबंधातले चार निर्णय आजही तुमच्या कोडमध्ये जिवंत आहेत.

पहिला निर्णय स्टबचा. क्लायंटच्या बाजूला खऱ्या फंक्शनच्या नावाचाच एक बदली प्रतिनिधी असतो. तो आर्ग्युमेंट गोळा करून पाकिटात भरतो, यालाच आपण मार्शलिंग म्हणतो. सर्व्हरच्या बाजूचा स्टब पाकीट उघडतो आणि खरे फंक्शन बोलावतो. हे स्टब हाताने लिहायचे नाहीत, इंटरफेसच्या वर्णनावरून यंत्राने तयार करायचे. त्यांच्या प्रणालीत हे काम लुपिन नावाचा प्रोग्राम करत असे.

दुसरा निर्णय बाइंडिंगचा. हवी असलेली सेवा कोणत्या यंत्रावर आहे, हे प्रोग्राममध्ये कोरून ठेवायचे नाही, एका नोंदवहीत विचारायचे. त्यांनी ग्रेपव्हाइन ही वितरित माहितीप्रणाली नोंदवही म्हणून वापरली. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला की त्याची ओळखसंख्या बदलत असे, त्यामुळे जुन्या अवताराला उद्देशून आलेला कॉल नव्या अवताराने नाकारावा, अशी व्यवस्था होती.

तिसरा निर्णय ओळखीचा. प्रत्येक कॉलला स्वतःचा क्रमांक. पाकीट हरवले असे वाटून क्लायंटने तेच पुन्हा पाठवले, तर सर्व्हरला क्रमांकावरून कळते की हे काम आधी आलेले आहे. उत्तर मिळाले तर काम नेमके एकदाच झाले, अशी हमी देता येते. उत्तर मिळाले नाही आणि अपवाद उभा राहिला, तर काम एकदा झाले असेल किंवा झालेच नसेल. यापैकी काय, ते सांगता येत नाही.

चौथा निर्णय वेळेचा, आणि तो विशेष आहे. स्थानिक फंक्शनला कालमर्यादा नसते, म्हणून त्यांनी दूरच्या कॉललाही ठेवली नाही. सर्व्हर जिवंत आहे का, एवढे क्लायंट अधूनमधून विचारत राहील. तो 'आहे' म्हणत असेल तोवर वाट पाहील.

आता आकडे पाहा. डोराडो यंत्रे आणि सुमारे ३ मेगाबिट वेगाचे इथरनेट यांवर, आर्ग्युमेंट नसलेल्या रिकाम्या दूरच्या कॉलला साधारण १,१०० मायक्रोसेकंद लागत. तोच कॉल त्याच यंत्रात ९ मायक्रोसेकंदांत होई. म्हणजे त्या काळातल्या उत्तम अंमलबजावणीतही फरक १०० पटींहून अधिक होता. वाक्यरचना सारखी असली, तरी दोन्ही कॉल सारखे नव्हते.

४. सन: नोंदवही आणि करार

झेरॉक्सची यंत्रे थोड्या प्रयोगशाळांत राहिली. आरपीसी सर्वदूर पोहोचला तो सन मायक्रोसिस्टिम्समुळे. १९८० च्या दशकाच्या मध्यात सनने एनएफएस ही नेटवर्कवरून फाइल वापरण्याची प्रणाली आणली आणि तिच्या पायाशी स्वतःचा आरपीसी ठेवला. १९८८ मध्ये त्याचे तपशील आरएफसी १०५० आणि नंतर १०५७ म्हणून प्रसिद्ध झाले. आजच्या लिनक्समध्येही तो आहे.

सनच्या रचनेत प्रत्येक सेवेला नावाऐवजी संख्या असते. पोर्टमॅपर म्हणजे १०००००, एनएफएस म्हणजे १००००३, माउंट सेवा म्हणजे १००००५. सेवा सुरू झाली की ती पोर्टमॅपरकडे नोंद करते: 'मी अमुक प्रोग्राम, अमुक आवृत्ती, आणि आज या पोर्टवर बसले आहे.' पोर्टमॅपर स्वतः मात्र कायम १११ या पोर्टवर असतो. क्लायंट आधी त्याच्याकडे जातो, पोर्ट विचारतो, मग सेवेकडे जातो. सरकारी कार्यालयात आधी चौकशी खिडकी आणि मग ज्या टेबलावर काम आहे ते टेबल, तसाच हा प्रकार.

या दोन टप्प्यांमुळे एररही दोन जातींचे झाले. 'पोर्ट मॅपर फेल्युअर' म्हणजे चौकशी खिडकीशीच बोलणे झाले नाही: पोर्टमॅपर बंद आहे किंवा १११ पोर्ट फायरवॉलने अडवला आहे. 'प्रोग्राम नॉट रजिस्टर्ड' म्हणजे खिडकी उघडी आहे, पण तिच्या वहीत तुमच्या सेवेचे नाव नाही: सेवा सुरू झालेली नाही, किंवा पोर्टमॅपर मध्येच पुन्हा सुरू झाला आणि जुन्या नोंदी गेल्या. आरपीसीइन्फो ही आज्ञा 'पी' या पर्यायासह यंत्राचे नाव देऊन चालवली की ती वही तुमच्यासमोर उघडते. दोन एररमधला फरक समजलेला विद्यार्थी योग्य ठिकाणी पाहतो; न समजलेला दोन्ही वेळा यंत्र पुन्हा सुरू करतो.

सेवा सापडल्यावर प्रश्न येतो कराराचा. सर्व्हरचे उत्तर कॉल स्वीकारूनही नकार देऊ शकते. हा प्रोग्राम माझ्याकडे नाही. प्रोग्राम आहे पण ही आवृत्ती नाही. आवृत्ती आहे पण या क्रमांकाची प्रोसिजर नाही. प्रोसिजर आहे पण आर्ग्युमेंट उलगडत नाहीत. आवृत्ती जुळत नसेल तर सर्व्हर आपल्याकडची सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी आवृत्तीही कळवतो. हा एरर म्हणजे जवळजवळ उत्तरच आहे.

आर्ग्युमेंट उलगडण्याचा प्रश्न का येतो? कारण प्रत्येक यंत्र संख्या सारखी साठवत नाही. ३२ बिटांची संख्या १ काही यंत्रे शेवटच्या बाइटमध्ये ठेवतात, काही पहिल्या. एकाने लिहिलेली १ दुसऱ्याने तशीच वाचली तर ती १,६७,७७,२१६ होते. म्हणून सनने एक्सडीआर हा सामाईक लेखनप्रकार ठरवला: मोठ्या किमतीचा बाइट आधी, आणि प्रत्येक घटक ४ बाइटच्या पटीत. दोघांनी आपापली बोली बाजूला ठेवून एका ठरलेल्या भाषेत बोलायचे. क्लायंट आणि सर्व्हर इंटरफेसच्या वेगवेगळ्या फाइलींवरून बांधले असतील, तर ही भाषा एक असूनही अर्थ जुळत नाही. स्टब दोन्हीकडे एकाच फाइलीवरून तयार करा, असे प्रयोगशाळेत बजावले जाते ते यासाठीच.

५. एकच फाइल दोनदा पुसली तर

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. सनचा आरपीसी सुरुवातीच्या काळात मुख्यतः यूडीपीवर चाले. यूडीपीत पाकीट पोहोचेलच याची हमी नसते, म्हणून उत्तर आले नाही की क्लायंट तीच विनंती पुन्हा पाठवी. सनच्या प्रोटोकॉलने 'नेमके एकदाच'ची हमी स्वतःकडे घेतली नाही. वापरणाऱ्याने ते पाहावे, अशी भूमिका घेतली.

एनएफएसच्या कर्त्यांनी त्यावर सुंदर उपाय योजला होता. कामेच अशी ठेवा की ती दोनदा झाली तरी परिणाम तोच राहील. 'या फाइलीच्या ४,०९६ व्या बाइटपासून वाच' असे दहा वेळा सांगा, उत्तर तेच. अशा कामाला आयडेम्पोटंट म्हणतात. 'पुढचा भाग वाच' हे तसे नाही, कारण प्रत्येक वेळी 'पुढचा' बदलतो.

पण सगळीच कामे या साच्यात बसत नाहीत. क्लायंट म्हणतो, 'ही फाइल पुसून टाक.' सर्व्हर पुसतो. उत्तर वाटेत हरवते. क्लायंट पुन्हा म्हणतो, 'पुसून टाक.' सर्व्हर शोधतो आणि प्रामाणिकपणे सांगतो, 'अशी फाइल नाही.' वापरणाऱ्याच्या पडद्यावर एरर येतो, आणि काम तर यशस्वी झालेले असते. इथे कुणीही खोटे बोललेले नाही, तरी निरोप दिशाभूल करणारा आहे.

१९८९ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील एका अभियंत्याने यूसेनिक्स परिषदेत यावरचा उपाय मांडला: सर्व्हरने नुकत्याच केलेल्या विनंत्यांची आठवण ठेवावी, आणि तीच विनंती पुन्हा आली तर काम पुन्हा करू नये. पुढे एनएफएसच्या ४.१ या आवृत्तीत, २०१० च्या आरएफसी ५६६१ नुसार, ही आठवण प्रोटोकॉलचाच भाग झाली. बिरेल आणि नेल्सन यांचा कॉल क्रमांक असा पंचवीस-एक वर्षांनी वेगळ्या वाटेने परत आला.

जुन्या युनिक्स प्रयोगशाळांत 'एनएफएस सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग' हा निरोप सर्वांच्या ओळखीचा होता. हार्ड पद्धतीने माउंट केलेली फाइलप्रणाली सर्व्हर परत येईपर्यंत वाटच पाहते. प्रोग्राम गोठल्यासारखा दिसतो. सॉफ्ट पद्धतीने माउंट केली तर काही प्रयत्नांनंतर ती एरर देते, आणि एररकडे लक्ष न देणारा प्रोग्राम अर्धवट लिहिलेली फाइल मागे सोडू शकतो. कायम थांबायचे की अर्धवट माहिती घेऊन पुढे जायचे, ही निवड कुणाला तरी करावीच लागते.

६. विंडोज: १३५ क्रमांकाचे दार

दुसरी शाखा अपोलो कॉम्प्युटरच्या प्रणालीतून निघाली, ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या डीसीई या मानकात आली, आणि मायक्रोसॉफ्टने तिच्यावर विंडोजचा आरपीसी उभारला. इथे सेवेची ओळख १२८ बिटांच्या यूयूआयडीने होते. या शाखेत एक चांगली सोय आहे: इंटरफेस लिहितानाच एखादी प्रोसिजर आयडेम्पोटंट आहे असे नमूद करता येते. तसे लिहिले नाही, तर ती जास्तीत जास्त एकदाच चालेल अशी काळजी घेतली जाते. सुरुवातीचे १७२६ आणि १७२७ याच परंपरेतले आहेत.

विंडोजची चौकशी खिडकी म्हणजे एंडपॉइंट मॅपर, पोर्ट १३५. तिने दिलेला पुढचा पोर्ट विंडोज व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून साधारणतः ४९१५२ ते ६५५३५ यांमधला असतो. यावरून दोन प्रसिद्ध एरर उलगडतात. १७२२, म्हणजे 'आरपीसी सर्व्हर उपलब्ध नाही', हा बहुतेक वेळा न पोहोचल्याचा एरर आहे: यंत्राचे नाव चुकीच्या पत्त्यावर जाते, यंत्र बंद आहे, १३५ अडवला आहे, किंवा १३५ उघडा असूनही वरची पोर्टश्रेणी फायरवॉलने अडवली आहे. १७५३, म्हणजे 'एंडपॉइंट मॅपरकडे आणखी एंडपॉइंट नाहीत', याचा अर्थ खिडकीपर्यंत तुम्ही पोहोचलात, पण सेवेची नोंद तिथे नाही. सनच्या दोन एररशी ताडून पाहा. जोडी तीच आहे.

ही खिडकी सर्वांसाठी उघडी ठेवण्याची किंमत २००३ मध्ये दिसली. मायक्रोसॉफ्टने १६ जुलै २००३ रोजी आरपीसीतील एका गंभीर दोषाची सूचना आणि दुरुस्ती प्रसिद्ध केली. ११ ऑगस्टला ब्लास्टर हा वर्म त्याच दोषातून, पोर्ट १३५ वरून, जगभर पसरू लागला. अनेक यंत्रांवर त्याच्या हल्ल्याने आरपीसी सेवाच कोसळे, आणि ती सेवा विंडोजसाठी इतकी मूलभूत की ६० सेकंदांची उलटी मोजणी दाखवून यंत्र स्वतःला पुन्हा सुरू करी. पडद्यावर दिसे ते 'रिमोट प्रोसिजर कॉल सेवा अनपेक्षितपणे बंद पडली' असे वाक्य. दुरुस्ती २६ दिवस आधी उपलब्ध होती. तेव्हापासून १३५ हा पोर्ट इंटरनेटच्या बाजूने बंद ठेवणे हा जाळे सांभाळणाऱ्यांचा पहिला नियम झाला. म्हणून १७२२ दिसला की 'फायरवॉलच बंद करून टाकू' हा सल्ला मानू नका. लागतील तेवढेच पोर्ट, लागतील तेवढ्याच यंत्रांसाठी उघडा.

७. १९९४: पडदा दूर करण्याची मागणी

१९९० च्या दशकात कोर्बासारख्या प्रणालींनी तेच आश्वासन ऑब्जेक्टच्या भाषेत दिले: ऑब्जेक्ट जवळ आहे की दूर, याची फिकीर प्रोग्रामरने करू नये. नोव्हेंबर १९९४ मध्ये सनच्याच प्रयोगशाळेतील जिम वॉल्डो, जेफ वायंट, अ‍ॅन वॉलरॅथ आणि सॅम केंडल यांनी या आश्वासनावर थेट बोट ठेवले. विलंब, मेमरी, अंशतः बिघाड आणि समांतरता या चार बाबतींत जवळचे आणि दूरचे ऑब्जेक्ट मुळातच वेगळे आहेत, आणि हा फरक झाकणे धोक्याचे आहे, असे त्यांनी मांडले. यातला अंशतः बिघाड सर्वांत कठीण: एक भाग मरतो, दुसरा जगतो, आणि जगणाऱ्याला नेमके काय झाले हे विचारायला तिसरा कुणी नसतो.

याचा परिणाम तुम्ही जावात पाहिला आहे. १९९७ मध्ये जेडीके १.१ सोबत आलेल्या आरएमआयमध्ये दूरच्या प्रत्येक मेथडने रिमोट एक्सेप्शन जाहीर केलेच पाहिजे, असा नियम आहे. विद्यार्थ्यांना ती कटकट वाटते आणि ते रिकामा कॅच ब्लॉक लिहून मोकळे होतात. खरे तर ती भाषेने दिलेली सूचना आहे: इथे कॉल फसू शकतो, तेव्हा काय करायचे ते आताच ठरव.

८. जीआरपीसी: जुने प्रश्न, नवे क्रमांक

गूगलने आपल्या अंतर्गत स्टबी प्रणालीच्या अनुभवावर जीआरपीसी बांधून २०१५ मध्ये खुली केली. एचटीटीपी २ वर निरोप, प्रोटोकॉल बफरमध्ये मजकूर, आणि ० ते १६ असे १७ स्थितिक्रमांक. त्यांतले तीन तुम्हाला वारंवार भेटतील. १२, अनइम्प्लिमेंटेड: सर्व्हरकडे ही मेथड नाही, बहुधा दोन्ही बाजूंच्या आवृत्त्या वेगळ्या. १४, अनअव्हेलेबल: सेवा सध्या पोहोचण्याजोगी नाही. ४, डेडलाइन एक्सिडेड: दिलेली मुदत संपली.

चौथ्या क्रमांकाच्या अधिकृत वर्णनात स्पष्ट लिहिले आहे की स्थिती बदलणाऱ्या कामांत, काम यशस्वी झाले असले तरी हा एरर येऊ शकतो. १४ बद्दलही इशारा आहे की आयडेम्पोटंट नसलेले काम आंधळेपणाने पुन्हा पाठवणे सुरक्षित नाही. आणखी एक गंमत पाहा: तुम्ही मुदत दिली नाही, तर जीआरपीसी स्वतःहून कोणतीही मुदत लावत नाही. बिरेल आणि नेल्सन यांचा चौथा निर्णय असा अजून टिकून आहे. फरक इतकाच की आज मुदत प्रत्येक कॉलला द्यावी असा स्पष्ट सल्ला दिला जातो.

९. एरर आला तर कुठून सुरुवात करायची

इतिहासातून एक क्रम आपोआप तयार होतो. कॉल ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने तपासत जा.

१. नाव: यंत्राच्या नावाचा पत्ता बरोबर मिळतो का?

२. वाट: पोर्टपर्यंत निरोप जातो का? 'कनेक्शन रिफ्यूज्ड' तात्काळ आला तर यंत्र जिवंत आहे, पण त्या पोर्टवर कुणी नाही, किंवा फायरवॉलने स्पष्ट नकार दिला आहे. बराच वेळ शांतता आणि मग टाइमआउट आला, तर यंत्र बंद आहे किंवा फायरवॉल पाकिटे गिळते आहे.

३. नोंदवही: पोर्टमॅपर किंवा एंडपॉइंट मॅपरकडे सेवेची नोंद आहे का?

४. करार: प्रोग्राम, आवृत्ती, प्रोसिजर आणि आर्ग्युमेंट जुळतात का?

५. ओळख: सर्व्हर तुम्हाला ओळखतो का? विंडोज डोमेनमध्ये दोन यंत्रांच्या घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला तर मूळ मांडणीनुसार कर्बेरॉस ओळख नाकारते. पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश मिळत नसेल तर घड्याळ पाहा.

६. वेळ: विनंती पाठवून झाली, आणि उत्तर आले नाही.

आता या यादीकडे आपल्या प्रश्नासह पाहा. पहिल्या पाच पायऱ्यांवर कॉल अडला, तर काम झालेले नाही. दुरुस्त करा आणि निर्धास्तपणे पुन्हा पाठवा. अपवाद एकच: खालच्या थराने तुमच्या नकळत तीच विनंती आधी पाठवलेली असेल तर. सहाव्या पायरीवर मात्र काम झाले किंवा नाही, हे क्लायंटला स्वतःच्या बळावर ठरवता येत नाही. तिथे कितीही लॉग चाळले, तरी क्लायंटच्या लॉगमध्ये उत्तर नसते. ते सर्व्हरकडे असते.

म्हणून सहाव्या पायरीचा उपाय एरर येण्याआधी, रचना करतानाच करावा लागतो. काम आयडेम्पोटंट ठेवा. तसे ठेवता येत नसेल तर प्रत्येक विनंतीला क्लायंटनेच एक स्वतंत्र क्रमांक द्यावा, सर्व्हरने तो परिणामासह जपावा, आणि 'या क्रमांकाचे काय झाले?' असे विचारण्याची सोय ठेवावी. मोबाइलवरून पैसे पाठवताना कधी कधी व्यवहार 'प्रलंबित' दिसतो. तो शब्द अनेकांना चीड आणतो. पण यशस्वी किंवा अयशस्वी यांपैकी काहीही खात्रीने माहीत नसताना 'प्रलंबित' म्हणणे हेच खरे उत्तर आहे. 'अयशस्वी' म्हटले असते, तर माणसाने पैसे पुन्हा पाठवले असते. तुम्ही उद्या अशा प्रणाली लिहाल, तेव्हा ही तिसरी स्थिती तुमच्या कोडमध्ये आहे का, हे पाहा.

थोडक्यात

आरपीसीने नेटवर्कवरचे काम साध्या फंक्शनसारखे लिहिता येईल अशी सोय दिली, आणि ती सोय आज सर्वत्र आहे. स्टबने वाक्यरचना सारखी केली, नोंदवहीने पत्ता शोधला, सामाईक लेखनप्रकाराने मेमरीचा फरक भरून काढला. दोन यंत्रे वेगवेगळी मरतात, ही गोष्ट मात्र कोणत्याही स्टबला झाकता आली नाही. १९७५ मधला आक्षेप, १९८४ मधला अपवाद, १९८९ मधली सर्व्हरची आठवण, १९९४ मधली टीका आणि आजचा चौथा स्थितिक्रमांक हे सगळे त्या एकाच गोष्टीबद्दल बोलतात.

स्वाध्याय

१. पुढीलपैकी कोणती कामे आयडेम्पोटंट आहेत? कारणासह लिहा: खात्यातील शिल्लक वाचणे; शिल्लक ५,००० रुपये अशी नोंदवणे; शिलकीत ५०० रुपये मिळवणे; फाइलीच्या शेवटी एक ओळ जोडणे.

२. 'पोर्ट मॅपर फेल्युअर' आणि 'प्रोग्राम नॉट रजिस्टर्ड' यांची जोडी विंडोजच्या १७२२ आणि १७५३ शी जुळवा. जुळणी कुठे पूर्ण आहे आणि कुठे सैल?

३. प्रयोग: लिनक्सच्या दोन यंत्रांवर एनएफएस मांडा. एकदा सेवा बंद करून, एकदा फायरवॉलने पाकिटे गिळून आणि एकदा फायरवॉलने स्पष्ट नकार देऊन क्लायंटला काय दिसते ते नोंदवा. तिन्ही वेळा एरर यायला किती वेळ लागला?

४. जोडणी करतानाचा टाइमआउट आणि विनंती पाठवल्यानंतरचा टाइमआउट यांत, काम झाले की नाही या दृष्टीने काय फरक आहे?

५. कॅन्टीनच्या कूपन नोंदणीसाठी एक दूरची प्रोसिजर आखा. उत्तर हरवले तरी एका विद्यार्थ्याला दोन कूपन मिळणार नाहीत, हे कसे साधाल?